हुलग्याची पंगत

विजयमाला कुणाच्या घरी चहाला गेली की त्या घरची बाई धास्तावते. ती आधी कपात बघते, मग एक घोट घेते, मग कप खाली ठेवून तोंडावर सांगते, "ह्यो चहा न्हाई बाई, पाक हाय." कर्जतकडच्या त्या वाडीत तिला सगळे आक्का म्हणतात. बासष्ट वर्षं वय, काटक अंग, खणखणीत आवाज. भीड भिकेची बहीण, असं जुनी माणसं सांगत आली. आक्काचं म्हणणं, भिकेचं ऱ्हाऊ द्या, भीड ही दवाखान्याची सख्खी बहीण. नवऱ्याच्या पायाकडं बघून ती हे शिकली.

तिचं माहेर पारनेरच्या माळावरचं. तिथं बाजरी, मटकी आणि हुलगा एवढंच पिकायचं, आणि एवढ्यावरच तिच्या बापानं पाच लेकरं धडधाकट वाढवली. लग्न होऊन ती इकडं आली तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात चारचौघींत विचारलं, "हुलगं खानारी का गं तू?" प्रश्न साधा नव्हता. हुलगा हे बैलांना भिजवून घालायचं कडधान्य. माणसांनी खायचं ते दुष्काळात, पिठाचं पातळ माडगं करून, दार लावून. हुलगा खाणारं घर म्हणजे खायला नसलेलं घर. एखादी नवी नवरी मान खाली घालून रडली असती. आक्का म्हणाली, "व्हय आत्याबाई. म्हनून तर बैलावानी कामाला येते." सासूनं तो विषय पुन्हा काढला नाही. मात्र शेवटच्या दुखण्यात म्हातारीला दुसरं काही पचेना, तेव्हा हुलग्याचं कढण तिनं ह्याच सुनेच्या हातून मागून घेतलं, हेही सांगून टाकायला हवं.

मग कुकडीच्या कालव्याचं पाणी आलं. पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाना, आणि कारखान्यामागून सभासदांची साखर. दिवाळीला घरोघर पोती उतरू लागली. ज्या घरात साखरेचं पोतं उभं असतं तिथं चहात साखर पडत नाही, साखरेत चहा पडतो. ज्वारी मागं सरली, चपाती पुढं आली, आणि भाकरी हे हलक्या घरचं खाणं असं शेंबडी पोरंही बोलू लागली. आता तालुक्याला साखरेच्या दुखण्याचे चार डॉक्टर आहेत आणि चौघांच्या दारात रांग असते. रांगेत उभं राहून माणसं एकमेकांना पेढे देतात, नातू झाला म्हणून. ह्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही, ह्याचाच आक्काला संताप येतो.

नवऱ्याचं नाव कारभारी. नाव ठेवणाऱ्यानं थट्टाच केली म्हणायची, कारण ह्या माणसानं आयुष्यात कुणावर कारभार केला नाही. शेजाऱ्यानं बांध कोरला तरी "जाऊ द्या" म्हणणारा, पानात पडलेलं कधी न टाकणारा, कुणालाही नाही न म्हणणारा देवमाणूस. गाव त्यांना नाना म्हणतं. अशा देवमाणसाशी संसार करायचा तर घरात वाईटपणा घ्यायला दुसरं कुणीतरी लागतं. तो आक्कानं घेतला, आणि मनापासून घेतला.

नानांचा जीव एकाच गोष्टीत. चैत्रात वाडीचा हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा वीणा गळ्यात घालून उभं राहायचा पहिला मान बत्तीस वर्षं त्यांचा. वीणा सात दिवस जमिनीला टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. आणि वाडीचा नेम असा की वीणेकऱ्यानं सातही दिवस देवळातच राहायचं, घरचं अन्न वर्ज्य, पंगतीत पडेल तेच खायचं. पूर्वी पंगतीत पडायची घरोघरून गोळा केलेली भाकरी आणि कढईतली आमटी, तेव्हा हा नेम चांगलाच होता. पुढं रोजच्या पंगतीला एकेक अन्नदाता ठरू लागला आणि चढाओढ लागली. एकानं बुंदी केली की दुसऱ्यानं बालुशाही करायची, तिसऱ्यानं दोन पक्वान्नं. शिवाय अन्नदाता स्वतः ताट घेऊन वीणेकऱ्यापुढं वाकणार, "नाना, माझ्या हातचा एक तरी." नाना कसले नाही म्हणतायत!

मागच्या साली सात दिवस हेच चाललं. नानांना साखर आहे हे साऱ्या वाडीला ठाऊक, पण ज्याला त्याला वाटे, आपल्या एका घासानं काय होणार. त्यात दिंडी निघाली ती भर उन्हात, अनवाणी. डांबरानं उजव्या अंगठ्याला फोड आला आणि नानांना तो कळलाच नाही, कारण पायातली जाणीव साखरेनं आधीच खाल्ली होती. काल्याच्या दुसऱ्या दिवशी आक्का त्यांचे पाय धुवायला बसली तेव्हा अंगठा काळा पडलेला. नगरच्या दवाखान्यात तो काढला. डॉक्टर म्हणाले, "या खेपेला अंगठ्यावर भागलं. पुन्हा साखर अशी चढली तर पाऊल जाईल."

घरी सोडताना तिथल्या आहाराच्या मॅडमनी एक कागद दिला. पोरगी बिचारी चांगली होती, कागद मात्र कुठल्या मुलखाचा होता देव जाणे. सून मोनिकानं तो ओट्यापाशी उभं राहून वाचला. ओट्स, ब्राउन ब्रेड, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल, किवी.

"ह्यातलं आपल्या बाजारात काय मिळतंय?" आक्कानं विचारलं.

"किवी मिळत्यात आत्या. एका गाड्यावर."

"मग त्या गाडेवाल्यालाच खाऊ दे. कागद पालथा घाल आन् मागं लिही."

मोनिका शिकलेली, बारावी झालेली. तिला वाटलं आत्याबाई दोन ओळी सांगतील. आक्का तासभर सांगत होती. सोमवारी मोड आलेली मटकी. मंगळवारी हुलग्याची शेंगोळी. बुधवारी शेवग्याच्या शेंगा घालून तुरीची आमटी. गुरुवारी जी पालेभाजी बाजारात ताजी असेल ती, मेथी असो, तांदुळजा असो, भरपूर, आणि वर मूगडाळ. शुक्रवारी पुन्हा हुलगा, पण ह्या वेळी पातळ आमटी. भाकरी दोन, तिसरी मागितली तर काकडी द्यायची. पावसाळा सरला की बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी. जवसाची चटणी, कांदा, ताक रोज.

"आन् भात?"

"भात पाव्हना म्हनून आला तर मूठभर."

"एकादशीला साबुदाना तरी?"

"एकादशी आन् दुप्पट खाशी! वाटीभर भगर आन् शेंगदान्याची आमटी, बास. आन् खाली मोठ्या अक्षरात लिही, गोळी चुकवायची न्हाई. गोळी ती गोळी, भाकरी ती भाकरी. एकीनं दुसरीचं काम करायचं न्हाई."

तो कागद पालथ्या बाजूनं फ्रिजवर चिकटला आणि घर त्याप्रमाणं चालू लागलं. पहिले पंधरा दिवस मुलगा अमृत टेम्पो घेऊन बाहेर पडला की हॉटेलात जेवून यायचा. मग त्याचं वाढलेलं पोट बसू लागलं तसा तोही गप्प भाकरीवर आला. नानांनी मात्र पहिल्या दिवसापासून एक शब्द काढला नाही. जे पडेल ते खाल्लं, जेवल्यावर अर्धा तास अंगणात चालले. जखम भरली. घरच्या मशीनवर सकाळचा आकडा अडीचशेवरून एकशे तीसवर आला. डॉक्टरांनी विचारलं, "कोणता डाएट दिला?" आक्का म्हणाली, "बैलाचा."

होळी झाली आणि नानांनी तोंड उघडलं. संध्याकाळी ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाले, "ह्या साली उभा ऱ्हाऊ का गं मी?"

तेव्हा आक्काला कळलं, एवढे महिने हा माणूस मुकाट्यानं भाकरी कशासाठी खात होता. अमृतचं मत होतं, वीणा सोडा, वय झालं. तेच शहाणपणाचं होतं. पण नवऱ्याचा चेहरा बघून तिला राग आला. मान का सोडायचा? चूक केली कुणी? पंगत गोड केली गावानं आणि पाय द्यायचा नानांनी?

"उभं ऱ्हावा," ती म्हणाली. "वीना बी ऱ्हाईल आन् पाय बी ऱ्हाईल."

"मी न्हाई म्हनंन समद्यांना."

"तुमी? तुमच्या तोंडात तो शब्दच घातलेला न्हाई देवानं."

सप्ताहाची बैठक देवळात असते आणि तिला बायका जात नाहीत. जायचं नाही असं कुठं लिहिलेलं नाही, फक्त कुणी गेलेली नव्हती. आक्का पदर खोचून गेली. मधोमध सूर्यभान बसला होता, सप्ताह समितीचा प्रमुख, चाळीस एकर ऊस, आणि ह्या वर्षी सहाव्या दिवसाच्या पंगतीचा अन्नदाता. माणूस वाईट नव्हता. उदार होता, आणि आपण उदार आहोत हे त्याला फार आवडायचं.

"भावजी," आक्का म्हणाली, "देवळामागच्या शेडमधी मी एक चूल मांडते. ह्यांचं तेवढं तिथं रांधते. घरचं न्हाई, देवळातलंच झालं. नेम काय मोडत न्हाई."

सूर्यभान हसला. "वैनी, पंगतीत समद्यांना एक आन् नानांना येगळं? ह्याला पंक्तिप्रपंच म्हनत्यात. देवाच्या दारात भेदभाव चालत न्हाई."

आणि नानांनी, कोपऱ्यात बसलेल्या खुद्द नानांनी, मान डोलावली. "बरोबर हाय त्याचं. ऱ्हाऊ दे गं. मी वीना सोडतो."

आक्काला वाटलं, ह्या माणसाला इथंच चार शब्द सुनवावेत. पण सूर्यभानचं बोलणं खोटं नव्हतं. एका पंगतीत दोन जेवणं हे पापच, ती स्वतःही तेच मानत आली होती.  

"बरं," ती म्हणाली. "भेद नको ना? मंग समद्यांनाच वाढते. तुमचा आचारी पुऱ्या करू द्या, बुंदी करू द्या. पंगत बसली की पहिली भाकरी आन् हुलग्याची आमटी माझी, समद्यांच्या पानात सारखी. मागून तुमचं. खानारा खाईल."

बैठकीत हशा झाला. कुणीतरी मागून म्हणालं, "सप्ताहात बैलाचं खानं? बाहेरगावचे टाळकरी काय म्हनतील?"

आक्का वळली. "साखरेपायी पाय कापलेला बैल बघितलाय का कुनी तुमच्यातल्या?"

हशा थांबला. त्या बैठकीत कुणी हो म्हणालं नाही आणि कुणी नाहीही म्हणालं नाही. आक्कानं त्याचा अर्थ हो असा लावला आणि घरी आली.

आता भाकऱ्या हव्या होत्या. पूर्वीसारखं घरोघर फिरावं लागणार होतं. शेजारची चांगुणा तर पहिल्यांदा कावलीच. "आचारी आल्यापास्नं जरा हात मोकळे झाले हुते, तर तू परत भाकरी थापायला लावतीस? रानातलं काम काय तू येऊन करनार?"

तिचं खरं होतं. आक्कानं ते मानलं. "सातातला एकच दिस दे. धा भाकरी. न्हाई जमलं तर न्हाई."

चांगुणा उंबऱ्यात उभी राहिली. मग आत गेली, पिठाच्या डब्यात हात घातला आणि पिठानं माखलेलं गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. दोन वर्षं ती गोळी खात होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. "पंगतीत बुंदी पडली की पदराखाली लपवून आनते आन् कुत्र्याला घालते," ती हळू आवाजात म्हणाली. "टाकली तर पाप, न्हाई म्हनलं तर अपमान. वीस धर माझ्या."

दोन दिवस घरोघर फिरताना आक्काला अशी पाकिटं बऱ्याच घरांत दिसली. कुणाच्या देव्हाऱ्यामागं, कुणाच्या शिवणाच्या डब्यात. लोक चोरीचा माल लपवावा तसं आपलं दुखणं लपवून बसले होते, आणि सप्ताहात एकमेकांच्या पानात पाकातलं वाढत होते. रडावं की हसावं! सूर्यभानच्या भावकीतून मात्र एकही भाकरी आली नाही. एकीनं तर दार उघडून, कोण आहे बघून, परत लावून घेतलं.

सप्ताह बसला. नानांच्या पायात आक्कानं जाड सुती मोजे चढवले आणि वीणा गळ्यात आली. दुपारी पहिली पंगत पडली. वाढायचं काम आजवर पुरुषांचं. आक्कानं आमटीची बादली उचलली, मोनिकानं भाकरीची पाटी घेतली, आणि दोघी रांगेत उतरल्या. तरणी पोरं फिदीफिदी हसली. एका टाळकऱ्यानं पानावर हात आडवा धरला आणि म्हणाला, "आमी चपाती खातो." आक्का म्हणाली, "खावा की, अडवलंय कुनी," आणि पुढं गेली. त्याच्या शेजारचा जामखेडकडचा एक म्हातारा मात्र आमटी भुरकून थांबला. "आयला, ही चव इसरलो हुतो," म्हणाला आणि पुन्हा वाडगं पुढं केलं.

नाना दोन भाकरी जेवले. बुंदी घेऊन अन्नदाता आला तेव्हा आक्का बादली घेऊन मध्ये उभी राहिली आणि "त्यांचं पोट भरलंय" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मोनिका रोज सकाळी देवळाच्या पायरीवर त्यांच्या बोटातून थेंब काढायची आणि आकडा वहीत मांडायची. तो जागचा हलला नव्हता. चौथ्या दिवशी हुलगा कमी पडला, मटकी भिजवावी लागली. बुंदीही संपतच होती म्हणा. गाव काही चार दिवसांत साधू होत नाही.

सहावा दिवस सूर्यभानचा. श्रीगोंद्याहून आणलेल्या आचाऱ्यानं पहाटेपासून गुलाबजाम तळले होते, परातीच्या पराती. स्पीकरवर अन्नदात्याचं नाव तीनदा पुकारलं गेलं. सूर्यभान पांढरे कपडे घालून, स्वतःच्या हातात स्टीलचं ताट घेऊन पहिल्या रांगेत आला, आणि आक्का मध्ये उभी राहायच्या आतच म्हणाला, "वैनी, आज आडवं येऊ नका. अन्नदात्याचा मान हाय माझा. नानांना बोलू द्या."

सगळी पंगत बघत होती. आक्काच्या तोंडात उत्तर तयार होतं, एक सोडून चार. पण तिनं ते गिळलं. ती किती पंगतींत अशी आडवी उभी राहणार होती? चूल मांडता येते, भाकरी गोळा करता येते, गावाशी भांडता येतं. ह्या माणसाच्या जिभेवरचा शब्द काही तिला रांधता येत नव्हता. ती एक पाऊल मागं सरली. आता नाना घेणार, एक घेणार, मग सूर्यभान दुसरा आग्रहानं घालणार, मग उद्या काल्याला तिसरा माणूस येणार, असं सगळं तिला दिसू लागलं.

"नाना," सूर्यभान वाकला, "माझ्या हातचा एक."

नानांनी त्याच्याकडं बघितलं. मग पत्रावळीवर पंजा पालथा ठेवला.

"नको, सूर्यभान."

"एकानं काय हुतंय?"

 नानांनी उजव्या पायातला मोजा काढला आणि मांडी मोडून पाय पुढं केला. पंगतीत पाय पसरणं ह्यासारखी वाईट चाल नाही, आणि वाडीत नानांइतका रीतीभातीचा माणूस नाही. अंगठ्याच्या जागी गुळगुळीत कातडी होती.

"हे हुतंय," नाना म्हणाले.

सूर्यभानच्या ताटातला पाक एका बाजूला कलला, तो त्याच्या पांढऱ्या बाहीवर सांडला, आणि तो तसाच वाकलेला राहिला. नानांच्या शेजारच्यानं आपल्या पत्रावळीवर हात ठेवला. त्याच्या पलीकडच्यानं ठेवला. मग बायकांच्या रांगेत चांगुणानं ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. सगळ्यांनी नाही ठेवला. काहींनी नको म्हणणाऱ्यांच्या वाटचे गुलाबजामही मागून घेतले, हेही खरं. पण रांगेत हात मोजायला लागलं तर दोन्ही हातांची बोटं पुरली नसती.

आक्का बादली घेऊन नानांपुढं आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि राग त्याहून जास्त होता. बत्तीस वर्षं! एवढासा शब्द, त्याला बत्तीस वर्षं लागली.

"बोट गेल्यावर सुचलं व्हय तुमाला," ती साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशी म्हणाली.

"व्हय," नाना म्हणाले. "आमटी वाढ."

तिनं वाडगं काठोकाठ भरलं.